भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चाललेली गोवा सहल

फोंड्याच्या ताईकडे आम्ही एरवी चतुर्थीला जातो, नाहीतर मे महिन्यात आंबे संपायच्या आत. यंदा तिने जानेवारीत बोलावलं आणि बोलावण्याच्या मेसेजसोबत एका कागदाचा फोटो पाठवला. त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा होत्या. "पौष अमावास्येच्या आसपास या. कुठे नि कसं फिरायचं ते पाणी ठरवेल," एवढंच लिहिलं होतं. मी सांगलीची, आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णा, ते चढतं जुलै-ऑगस्टात आणि चढलं की आम्ही पळतो. दिवसातून दोनदा येऊन-जाऊन राहणाऱ्या पाण्याच्या वेळा बघून सहल आखायची ही गोष्टच नवीन होती.

ताई फोंड्याच्या एका शाळेत शिकवते. गेली काही वर्षं ती आणि तिच्यासारखे हौशी लोक मुलांना घेऊन बाहेर पडतात. कधी पक्षी बघायला, कधी देवराईत, कधी किनाऱ्यावर. गोव्यात असे कार्यक्रम आता बरेच होतात. पक्षीनिरीक्षकांच्या फेऱ्या असतात, वन खात्याचा पक्षी महोत्सव असतो, 2 ते 8 ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहात तर एकेका दिवशी दोन-दोन ठिकाणी काही ना काही चाललेलं असतं. शिवाय गावोगावच्या मंडळांचे असे कार्यक्रम, ज्यांची जाहिरात म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज. आम्ही गेलो ते बहुतेक याच शेवटच्या प्रकारात.

माझी दोन मुलं बरोबर होती, ईशान बारा वर्षांचा आणि रेवा आठची. शाळेला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

शनिवार : चोडण

फोंड्याहून पहाटे निघालो तेव्हा बाणस्तारीच्या पुलावर इतकं धुकं होतं की खालचं पाणी दिसत नव्हतं. रायबंदरला गाडी लावून पायीच फेरीबोटीत चढलो. चोडणच्या धक्क्यावर उतरलं की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचं फाटक अगदी जवळ आहे. अभयारण्य 1988 मधलं, क्षेत्रफळ फक्त 1.78 चौरस किलोमीटर. नावाला अभयारण्य आणि आकाराने एखाद्या गावच्या शिवाराएवढं. पण जवळजवळ सगळं खारफुटीचं, त्यामुळे आत शिरल्यावर ते लहान वाटत नाही.

पंचवीसेक माणसं जमली होती. निम्मी शाळकरी मुलं, दोन-तीन कॉलेजचे, एक निवृत्त पोस्टमास्तर आजोबा दुर्बीण गळ्यात घालून. फेरी घेणारा मुलगा पंचविशीचा असेल. त्याने आल्या आल्या एक नियम सांगितला : पक्षी दिसला की नाव ओरडायचं नाही. आधी काय दिसलं ते सांगायचं. चोच कशी, बसलाय कुठे, करतोय काय. नाव सगळ्यात शेवटी.

मला हा नियम फार आवडला. आपल्याकडे निसर्ग शिकवायचा म्हणजे नावं पाठ करून घ्यायची अशी समजूत आहे, आणि मुलं नावं पाठही करतात, मग बघायचं थांबतात. ईशानचं नेमकं तसंच आहे. त्याच्याकडे पुस्तक आहे, ॲप आहे, दिसायच्या आधी त्याच्या तोंडात नाव तयार असतं. पहिल्याच वळणावर खारफुटीतून निळं काहीतरी सुळकन गेलं आणि हा म्हणाला, "कॉलर्ड किंगफिशर!" गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला हा खंड्या चोडणच्या खारफुटीत आढळतो आणि तो बघायला लोक लांबून येतात, हे त्याने वाचलेलं.

"पट्टा दिसला?" त्या मुलाने विचारलं.

"निळा रंग दिसला."

"मग वहीत निळा रंग लिही."

ईशानचा चेहरा पडला. पण लिहिलं. पुढे काळ्या डोक्याचा खंड्या सगळ्यांनी नीट पाहिला, लाल जाड चोच, पांढरा गळा, जांभळट निळी पाठ, चांगली दोन-तीन मिनिटं एका वाळक्या फांदीवर. तोवर त्याची नाराजी गेली होती.

पाणी अजून उतरलेलंच होतं, चिखल उघडा होता, म्हणून गर्दी चिखलावर होती. शेपटी खालीवर हलवत धावणारे तुतवार, मान आखडून बसलेले वंचक, करड्या रंगाचा एक समुद्र बगळा. आणि निवट्या. पाण्याबाहेर येऊन चिखलावर सरपटणारा, मध्येच उडी मारणारा मासा रेवाने पहिल्यांदाच पाहिला. ती तिथेच उकिडवी बसली आणि पुढची वीस मिनिटं तिला एकही पक्षी दिसला नाही. फेरीवाल्या मुलाने तिला हाक मारली नाही, उलट पोस्टमास्तर आजोबांना तिच्याजवळ थांबायला सांगितलं.

तिवराच्या झाडाभोवती चिखलातून उभी वर आलेली मुळं असतात. शेकड्यांनी. त्याने मुलांना विचारलं, मुळं खाली जायची सोडून वर का आली असतील? उत्तरं भन्नाट आली. एकाने सांगितलं की खेकड्यांना चढायला. मग त्याने काठीने चिखल उकरला, खालचा काळा गाळ वर काढला आणि सगळ्यांना वास घ्यायला लावला. सडक्या अंड्यासारखा. या गाळात हवा नाही, म्हणून हा वास. मुळांनाही श्वास लागतो, खाली हवा नाही, म्हणून ती वर येतात, त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात. तिवराचं पान चाटायला दिलं, खारट लागलं. हे झाड मीठ पानांतून बाहेर टाकतं, उन्हाच्या वेळी पानावर मिठाचे कण दिसतातही.

दहाच्या सुमारास पाणी पुरेसं चढलं आणि आम्ही होडीतून आतल्या खाडीत गेलो. होडीवाले काका पंचावन्न-साठचे, चोडणचेच. सकाळी जे चिखल म्हणून पायाखाली होतं त्याच्यावरून आता होडी चालली होती, हे मुलांना पटायलाच वेळ लागला. काकांनी एका उंचवट्यावर पाणमांजराची विष्ठा दाखवली, त्यात माशांचे खवले चमकत होते. पाणमांजर काही दिसलं नाही. पण वास आणि खवले एवढ्यावर काकांनी त्याची अख्खी दिनचर्या सांगितली. कुठून येतात, कुठल्या मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांजवळ, मासे पळवतात, जाळी कशी फाडतात. जाळी फाडण्याबद्दल बोलताना आवाजात राग होता, पण तो घरातल्या खोडकर पोरावरचा राग होता.

जाणाऱ्यांसाठी : चोडणला भरतीच्या वेळा बघितल्याशिवाय जाऊ नये. होडी आत शिरायला चढतं पाणी लागतं, आणि चिखलावरचे पक्षी बघायला उतरलेलं. दोन्ही हवं असेल तर उतरलेल्या पाण्यात पोचायचं आणि चढेपर्यंत थांबायचं. डासांचं मलम आणि जुने बूट घ्या. पांढरे कपडे नकोत, पक्ष्यांसाठीही आणि चिखलासाठीही.

परत येताना रायबंदरला पातळभाजी-पाव आणि मिरची भजी. रेवाने तीन पाव खाल्ले.

रविवार, अमावास्या : दुर्भाट

या दिवसासाठीच ताईने आम्हाला जानेवारीत बोलावलं होतं.

दुर्भाट फोंड्यापासून जवळच, जुवारीच्या काठावर. तिथली शेतं खाजन आहेत. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खालची जमीन, खाडीच्या काठची, बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी शेतीखाली आणलेली. गोव्यात अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर आहे असं सांगतात. मी गोव्याला इतक्या वेळा आले, या शेतांमधून गाडीने गेले, आणि ती भरतीच्या पाण्याहून खाली आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं.

गावातल्याच काही तरुणांनी मुलांसाठी बांधफेरी ठेवली होती. पण बोलणारे तरुण नव्हते. त्यांनी एका आजोबांना पुढे केलं होतं. आजोबा पंचा आणि बनियनवर, हातात कोयता, पाय अनवाणी. त्यांचं बोलणं कोकणी-मराठी मिसळलेलं, आमच्या मुलांना निम्मं कळत होतं आणि बाकीचं हातवाऱ्यांवरून.

बांधाला जिथे खाडीचं तोंड मिळतं तिथे मानस असते. दगडी बांधकामात बसवलेली लाकडी दारं, वरून बिजागरीवर टांगलेली. आजोबांनी आम्हाला तिथे उभं केलं आणि थांबायला सांगितलं. भरती चढत होती. बाहेरचं पाणी दारांवर टेकलं, दारं हळूहळू आत ढकलली गेली आणि चौकटीला जाऊन बसली. बस्स. कुणी हात लावला नाही.

"उदक चडटा तशें दार आपशींच बंद जाता," आजोबा म्हणाले. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतल्या पाण्याच्या जोराने तीच दारं बाहेर उघडतात आणि शेतातलं पाणी निघून जातं. मोटर नाही, माणूस नाही. पावसाळ्यात गोड पाण्यावर भात, तोही कोरगुटसारखा खारेपणा सोसणारा, आणि भात निघालं की आत मासे-कोळंबी. मानशीवर जाळं लावून मासे धरायचा हक्क लिलावाने दिला जातो आणि त्या पैशातून पूर्वी बांधाची डागडुजी व्हायची. हे सगळं गावकारी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, बघायची. पुढे कूळ कायदा आला, जमिनी कुळांच्या झाल्या आणि बांध कुणी बघायचा हा प्रश्न मागे राहिला. आजोबांनी लांबचं एक शेत दाखवलं. बांध फुटला, खारं पाणी आत आलं, आता तिथे खारफुटी वाढली आहे. काल जी झाडं आम्ही कौतुकाने बघितली तीच इथे आजोबांना नको होती. बांधाच्या बाहेर मात्र हवी होती, कारण तिथे ती लाटांचा मार खातात. झाड चांगलं की वाईट हे ते बांधाच्या कुठल्या बाजूला आहे यावर ठरतं, हे ईशानने वहीत लिहिलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मांगे थापणी.

मांगे म्हणजे मगर. या भागात, विशेषतः मांडवी आणि जुवारी जोडणाऱ्या कुंभारजुवेच्या खाडीत, मगरी आहेत. खरं तर आपली ही मगर गोड्या पाण्यातली. कुंभारजुवेला ती खाऱ्या पाण्यात राहते, म्हणून अभ्यासकांना तिचं अप्रूप. पौष अमावास्येला दुर्भाटात आणि आसपासच्या काही गावांत खाजन कसणारे लोक बांधाजवळ चिखलाची मगर घडवतात. आमच्यासमोर चार माणसांनी अर्ध्या तासात केली. पाठीवर खवल्यांसाठी शिंपले रोवले, काड्यांचे दात लावले, शेपटीला छान वळण दिलं. मुलांना शिंपले लावायला दिले. रेवाने डोळा बसवला, तो थोडा वाकडा बसला आणि कुणी सरळ केला नाही. पोटाशी एक खळगी ठेवून त्यात अंडं ठेवलं. काही ठिकाणी कोंबडीचं पिल्लू ठेवतात म्हणे. मग हळद-कुंकू, फुलं, गाऱ्हाणं. बांध राख, माणसं राख, गुरं राख.

रेवाने विचारलं, अंड्याचं पुढे काय होणार. आजोबा म्हणाले, "मांग्याक दिलें." तिला ते पुरलं.

मी मात्र तिथे बराच वेळ घुटमळले. मगर संवर्धनावर मी भाषणं ऐकली आहेत, फलक पाहिले आहेत. इथे मगरीला वाचवा असं कुणी म्हणत नव्हतं. तिलाच सांगत होते, तू आम्हाला सांभाळ. बांधाला भोकं पाडणारे खेकडे मगर खाते, मगर ज्या खाडीत आहे तिथे माणूस रात्रीबेरात्री बांधाशी चोरटेपणाने जायला धजत नाही, असे हिशेब भावोजींनी नंतर मांडले. असतील. ते करणाऱ्यांच्या तोंडून मात्र असं काही आलं नाही आणि मला वाटतं तो हिशेब मुलांसमोर लगेच मांडायची गरजही नव्हती.

दुपारी त्याच गावात जेवण. मानशीतले शेवटे मासे तळलेले, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, लाल उकड्या तांदळाचा भात. ताईने विचारलं म्हणून जेवण मिळालं, तिथे हॉटेल वगैरे नाही. कुणी जाणार असेल तर आधी गावातल्या माणसाशी बोलून जा. हा देवकार्याचा दिवस आहे, कॅमेरा घेऊन थेट मगरीपुढे उभं राहणं लोकांना आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

सोमवार : एक सभागृह, मग हणजुणे

सकाळी एका शहरात, नाव घेत नाही, मुलांसाठी सागरी जीवांवर कार्यशाळा होती. वातानुकूलित सभागृह, पडद्यावर एकामागून एक चित्रं, मागच्या रांगेत झोपलेले पालक. प्लॅस्टिक कासवाच्या पोटात कसं जातं ते दाखवलं आणि मध्यंतरात प्रत्येक मुलाच्या हातात प्लॅस्टिकची पाण्याची बाटली दिली. ईशान माझ्याकडे बघून हसला. आम्ही मध्यंतरातच निघालो. ताईकडे सोमवार म्हणून शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण होतं, खतखतं आणि भात. खतखत्यासाठी तरी लवकर निघणं योग्यच ठरलं.

दुपारी उत्तरेला हणजुण्याच्या, म्हणजे बाहेरचे ज्याला अंजुना म्हणतात त्या, खडकाळ किनाऱ्यावर. त्या दिवशीची संध्याकाळची ओहोटी सकाळपेक्षा जास्त खाली जाणारी होती, म्हणून किनाराफेरी पावणेपाचला. वरच्या बाजूला शॅकमध्ये संगीत इतकं मोठ्याने चालू होतं की फेरी घेणाऱ्या बाईंना, त्या सागरी जीवशास्त्र शिकलेल्या, ओरडून बोलावं लागत होतं. मग त्यांनी बोलणंच कमी केलं. खुणेने बोलवायच्या, बोट दाखवायच्या आणि बाजूला व्हायच्या.

पाणी गेलं की खडकांच्या खाचांत डबकी उरतात. वरून बघितलं तर नुसतं पाणी. पाच मिनिटं उकिडवं बसलं की मग एकेक हलायला लागतं. शंख चालायला लागला, म्हणजे आत खेकडा. हिरवट गालिचा दिसत होता ती झोअँथिड नावाच्या जिवांची वसाहत निघाली, प्रत्येकाला बारीक भुजांची झालर. खडकाला घट्ट चिकटलेली कालवं आणि बार्नेकल. एका कपारीत समुद्रफूल, त्यात कोळंबीएवढा पारदर्शक जीव. ईशानला पाऊण हात लांबीचं काहीतरी दिसलं, तो दगडाखाली गेला, आणि या वेळी त्याने नाव नाही घेतलं. "करडं, लांब, तोंडाकडे निमुळतं, दगडाखाली गेलं," असं सांगितलं. बाई म्हणाल्या, बाम माशासारखं काही असेल, बघू बाहेर येतो का. नाही आला.

दोन सूचना त्यांनी पुन्हा पुन्हा दिल्या. दगड उलटायचा नाही, आणि कुणी उलटला असेलच तर होता तसा परत ठेवायचा, कारण खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात तासाभरात मरतात. आणि रिकामे शंख घरी न्यायचे नाहीत. शंखातला खेकडा मोठा झाला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो, आपण शोकेसमध्ये ठेवलेला शंख म्हणजे कुणाचं तरी पुढचं घर. हे ऐकून रेवाने खिशातून चार शंख काढून एका डबक्याकाठी ठेवले. मग थोड्या वेळाने पाचवा.

सूर्य टेकला तेव्हा पाणी परत फिरलं होतं. ते फिरलं हे पायांना आधी कळतं.

उपयोगाचं : चप्पल नको, पट्ट्याची सँडलही नको, तळ खरखरीत असलेले बूटच हवेत. शेवाळावर मी एकीला पडताना पाहिलं, गुडघा चांगलाच फुटला. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की वर यायचं, फोटोसाठी थांबायचं नाही. हणजुण्याला मुक्काम जानेवारीत महाग पडतो. आम्ही आत आसगावच्या बाजूला एका घरात राहिलो, तिथे रात्री बेडूक आणि दूरवर ढोलक, दोन्ही सारख्याच चिकाटीने.

मंगळवार : मोरजी, आणि वर सत्तरीकडे

मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च. दक्षिणेत गालजीबाग आणि आगोंदलाही येतात. आम्हाला कासव दिसलं नाही, पिल्लं दिसायची तर वेळच नव्हती. कुंपणात राखलेली घरटी दिसली, म्हणजे वाळू, काठ्या आणि तारखेच्या पाट्या. मुलांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण राखणदाराशी त्यांच्या गप्पा रंगल्या. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं यायला दीड ते दोन महिने, आणि नर की मादी हे वाळू किती तापते त्यावर ठरतं, जास्त गरम वाळूत माद्या. ईशानने विचारलं, मग हवामान गरम होत गेलं तर सगळ्या माद्याच? राखणदार म्हणाला, तेच तर. आणि विडी शिलगावली.

पिल्लं उजेडाकडे जातात, म्हणून किनाऱ्यावर रात्री दिवे नकोत, एवढी एक गोष्ट पाळली तरी खूप झालं असं त्याचं म्हणणं. मागे वळून बघितलं तर हॉटेलांची रांग.

दुपारपर्यंत साखळी ओलांडून सत्तरी तालुक्यातल्या केरीला. इथून आमची सांगलीची वाट चोर्ला घाटातूनच जाते, त्यामुळे शेवटचा मुक्काम इथे. किनाऱ्यावरचा गोवा इथे संपतो. मागे घाट उभा, अंजुणेचं धरण, संध्याकाळी हवा अशी गार की रेवाने स्वेटर मागितला. ज्या घरी राहिलो तिथल्या मावशींनी उकडलेली कणगां आणि कारांदे पुढे केले, हे कंद याच दिवसांत निघतात. नाचण्याची भाकरी आणि अळसांद्यांचं तोणाक. कारांदा किंचित कडू असतो, मुलांनी तोंड वाकडं केलं, मी त्यांचाही खाल्ला.

रात्री अंगणात मावशींचे यजमान वाघांबद्दल बोलले. म्हादई अभयारण्य 1999 चं, 208 चौरस किलोमीटर, आणि गावं त्याच्या आत-बाहेर. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले होते, गुरं मारल्याच्या रागातून विष घातल्याचं पुढे आलं. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने इथे व्याघ्र प्रकल्प करायला सांगितलं, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. ते म्हणाले, वाघ आमच्या देवळात पण आहे, मूर्ती आहे, आम्ही त्याला मारायला निघालो असं कुणी समजू नये. पण गाय गेली तर भरपाईसाठी किती खेटे घालायचे तेही कुणी मोजावं. ईशान जागा होता, ऐकत होता. निसर्गशिबिरांत हा भाग सहसा गाळतात, मुलं लहान आहेत म्हणून. मला ते पटत नाही.

बुधवार : राई

केरीतली आजोबाची राई, म्हणजे आजोबा नावाच्या देवाची देवराई, सकाळीच बघितली. वेशीवरच सोबतच्या काकूंनी रेवाला सांगितलं, "व्हाणो हांगाच काड." आत पानांचा थर इतका जाड की पाऊल दबतं. वाळलेली काटकीही बाहेर नेत नाहीत. वाटेत ऐनाचं एक जुनं झाड होतं, तिथले लोक माट्टी म्हणतात. भेगाळलेल्या चौकोनी सालीवर हात फिरवून रेवा म्हणाली, "मांगे." मगरीची पाठ तिने रविवारीच हाताने घडवली होती, तेव्हा तिचा शब्द प्रमाण.

तिथून वाळपईच्या बाजूने बांबरच्या निरंकाराच्या राईत. ही जागा वेगळी आहे. सदा ओल्या, पाणथळ जमिनीत रानजायफळाची झाडं वाढलेली, पश्चिम घाटात अशा दलदली आता थोड्याच उरल्यात. बरोबर आलेला गावचा मुलगा अभ्यासक वगैरे नव्हता, काजूच्या बागेत काम करणारा. त्याने वाट दाखवली आणि झऱ्यावर बसून राहिला.

पाणी घोटाभर, गार, आत काळा गाळ. आणि गाळातून वर आलेली मुळं, गुडघा दुमडल्यासारखी, वर येऊन परत खाली गेलेली, सगळीकडे. आम्ही पाच-सात मिनिटं नुसते उभे होतो. मग ईशानने काठी घेतली, गाळ उकरला आणि नाकाशी नेला. चोडणइतका घाण वास नव्हता. पण त्याने रेवाला हाक मारली.

"तिवरासारखंच आहे. खाली हवा नाहीये."

"पण हे खारट नाहीये," रेवा म्हणाली. तिने बोट बुडवून चाटून बघितलं होतं, मी ओरडायच्या आत.

"खारट नसलं तरी. चिखलच आहे ना."

ताई माझ्या शेजारी उभी होती. शाळेत हे शिकवायला तिला किती तास लागतात, आणि तरी मुलं परीक्षेत श्वसनमुळं फक्त खारफुटीला असतात असं लिहितात, हे ती गाडीत बसल्यावर बोलली. तिथे काहीच बोलली नाही. गावचा मुलगा झऱ्यावरून उठून आला, ईशानने गाळ दाखवल्यावर म्हणाला, पावसात हे सगळं गुडघ्यापर्यंत पाण्याखाली असतं, तेव्हा ये. वर राखी धनेश ओरडत होते. रानजायफळाची फळं ते खातात, फळांचा मोसम असला की गर्दी असते म्हणाला.

निरंकाराच्या राईत जायचं तर वाळपईहून स्वतःची गाडी हवी, आणि गावातलं कुणीतरी बरोबर असल्याशिवाय आत जाऊ नये. देवस्थान आहे आणि पाय पडेल तिथे मूळ आहे. मोठा गट नेऊ नका, आम्ही सात जण होतो तेही जास्तच वाटले. पावसाळ्यात जळवा असतात. ताई जूनमध्ये पुन्हा मुलांना नेणार आहे, जागा मर्यादित, आणि ईशानने आमच्या परवानगीशिवाय स्वतःचं नाव दिलेलं आहे.

दुपारी चोर्ला घाट चढताना वळणावळणावर ट्रक होते, त्यामुळे बेळगावात पोचायला उशीर झाला. सांगलीत रात्री साडेनऊ. घाट अंधारात करू नका, दुपारी तीनच्या आत निघा, आणि वर चहाला थांबलात तर पाण्याची बाटली तिथेच भरून घ्या.